हार्ट फेल्युअरमध्ये अमिनो आम्लं मोजून खेड्यात कोणाचं भलं होणार?

पऱ्हाटीवाला: बाबांचं पंपिंग 30 टक्के. गेल्या महिन्यात एसटीनं नागपूरला नेलं. तिथले तरुण डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, रक्तात फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, वाढलं असेल तर अशा पेशंटच्या जिवाला धोका जास्त, असं अभ्यासांत दिसलंय. आमच्या केंद्रात ईसीजीचं मशीन महिनाभर बंद आहे. ही भविष्यवाणी घेऊन करू काय?

लॅबवाली_ताई: नाही पटलं, भाऊ. हार्ट फेल्युअरची नेहमीची रक्ततपासणी, बीएनपी, हृदयाच्या भिंतीवरचा ताण सांगते; फेनिलॲलानिन वेगळंच सांगतं. त्याचं टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल बनतं ते मुख्यतः यकृतात. यकृतात रक्त तुंबलं, सूज-संसर्ग असला की ते काम मंदावतं, वरून शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. म्हणून रक्तात फेनिलॲलानिन वाढलं, म्हणजे माणूस आतून झिजतोय. पायावर सूज असली की वजन तेवढंच भरतं, झीज दिसतच नाही. आणि हेच फेनिलॲलानिन 1960 च्या दशकापासून नवजात बाळांच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यात तपासतात. वाळलेला ठिपका पोस्टानंही जातो.

गावरान_तूर: म्हंजे आता डाळ बंद करा लागते का? माया बुढा वरणाबिगर जेवतच नाई.

लॅबवाली_ताई: अजिबात नाही! ते वाढतं त्याला ताटातलं वरण कारण नाही. झिजणाऱ्या माणसाची डाळ तोडली तर उलट नुकसान. हात आखडायचा तो लोणचं-पापडावर.

पऱ्हाटीवाला: ठिपका पोस्टानं गेला, रिपोर्ट आला. पुढे? तो आकडा खाली आणायची म्हणून वेगळी गोळी आहे का? आहे तीच लघवीची गोळी, मीठ कमी, रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर या म्हणाले. घरात काटा एकच, कापसाचा. बाबा त्यावर चढायला तयार नाहीत, म्हणे मी काय गाठोडं आहे?

निवृत्त_मास्तर: दोघांनाही एक सांगतो. असा आकडा शंभर जणांच्या गटाबद्दल बोलतो, एकट्या बाबांबद्दल नाही. पण ज्याचा वाढलेला, त्याच्या घरी आशाताईंनी आधी जावं, एवढं तरी ठरवता येईल.

पऱ्हाटीवाला: आशाताईंकडे अख्खं गाव, मास्तर. आधी काटा द्या त्यांना.

लॅबवाली_ताई: काटा हवाच. पण काट्यावर सूज दिसते, झीज नाही. तिथेच अडलंय माझं.

गावरान_तूर: मास्तर, माणसाचा काटा कितीले भेटते यवतमाळले?