हलगीचं सॅम्पल (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला ठोका) की हलगीवाला? घरी कॉम्प्युटरवर संगीत करणाऱ्यांनी बोला

राजारामपुरी_सातवी_गल्ली
गणपती जवळ आले की मंडळांची आगमनाची गाणी सुरू होतात, आणि त्यातली बरीचशी आता कुणाच्या तरी घरातल्या लॅपटॉपवर तयार होतात. मीही तेच करतो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, त्यात सर्ज एक्सटी आणि व्हायटल ही दोन सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरमध्येच आवाज तयार करणारे सिंथेसायझर. सर्ज पूर्ण फुकट, व्हायटलची फुकट आवृत्तीही पुरून उरते. स्टुडिओची गरज संपली का, हा वाद मला घालायचाच नाही.

माझं म्हणणं एवढंच की सिंथमधून हलगी, सनई, तुतारी काढायचा हट्ट सोडा. रोलँड कंपनीची टीआर-808 ही ड्रम मशीन आली 1980 साली. तिचा ड्रम खऱ्या ड्रमसारखा वाजायचा नाही, कारण आत रेकॉर्ड केलेलं काही नव्हतंच, सगळा आवाज सर्किटमधून तयार व्हायचा. 1983 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज डॉल्बीसमोर छातीत बसणारा दणका मात्र तिच्याच घराण्यातला आहे. नक्कल फसली म्हणून ती वाद्य झाली. आणि हे सगळं परदेशातच झालं असं नाही. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच 808, सोबत टीबी-303 ही बेस मशीन आणि ज्युपिटर-8 हा सिंथ घेऊन राग वाजवले. 303 एका सुरावरून दुसऱ्यावर घसरते, तिथं त्यांना मींड सापडली. सतार काढत बसले नाहीत.

पेठेतला_भावा
तत्त्वज्ञान लई भारी, पण मंडळाच्या अध्यक्षाला सांग जाऊन. त्याला गाणं परवा पाहिजे आणि त्यात हलगी पाहिजेच. हलगी आणि तिच्या जोडीची घुमकं, कैताळ ही वाद्यं म्हणजे तिघांची सुपारी. वर रेकॉर्डिंगला खोली, माईक, आणि शेजारच्या काकूंची परवानगी. सॅम्पल पाच मिनिटांत बसतंय. मोबाईलवर ऐकणारा कुठं फरक ओळखतोय?

हलगी_घुमकं_कैताळ
ओळखतोय. खासबागेच्या मैदानात कुस्ती बघितलीस का कधी? हलगीवाल्याचं लक्ष पैलवानांवर असतं. डाव पडायला आला की हात आपोआप चढतो, सुटला की उतरतो. कातडं गार पडलं की आवाज बसतो, मग जाळावर धरून शेकायचं. शेकल्यावरचा पहिला ठोका आणि शेवटचा ठोका एक नसतो. तुझ्या गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठोका हजार वेळा चिकटवलेला असतोय. आणि सुपारी महाग म्हणतोस, तर डॉल्बीचं भाडं किती देतं रे तुझं मंडळ?

पेठेतला_भावा
भाड्याचा विषय काढू नको, तिथं मी तुझ्याच बाजूनं आहे 😀 पण ‘एकच ठोका’ हे जुनं झालं. चांगल्या सॅम्पलमध्ये एकाच जोराचे चार-पाच वेगवेगळे ठोके असतात, ते आलटून पालटून वाजतात. जोर मिडीत, म्हणजे कीबोर्डवरून कॉम्प्युटरला सूर सांगायच्या भाषेत, 127 पायऱ्यांनी देता येतो. टेम्पोही मध्येच चढवता येतो.

हलगी_घुमकं_कैताळ
चढवता येतो, पण तू आदल्या रात्री ठरवून चढवतोस. मी समोर बघून चढवतो.

तानपुरा_जुळवा_आधी
हलगीचं सोडा, सुराचं काय? ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक होते, तिथली पोरं आता कीबोर्डवर भूप राग वाजवतात. शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येतो तो षड्जापासून 386 सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), कीबोर्डचा 400 वर. 14 सेंटचा फरक सिंथच्या लांब, स्थिर सुरात फार टोचतो. याला वाद्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पेटीवाला
हेच सगळं पेटीबद्दल बोलून झालंय. आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. आणि त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी काय करून ठेवलंय ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. उलट सिंथ या बाबतीत पेटीपेक्षा बरा. पेटीचे सूर बदलायचे तर पट्ट्या घासत बसा. सर्जमध्ये स्कालाची, म्हणजे कुठला सूर कुठं लागावा ते लिहिलेली, फाईल टाकली की गंधार 386 वर येतो. फुकट. करत कुणी नाही, हा दोष सॉफ्टवेअरचा नव्हे.

तानपुरा_जुळवा_आधी
फाईल टाकून गंधार येईल. भूपातला आणि देशकारातला गंधार वेगळा लागतो, तो फाईल टाकून येत नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
मान्य, म्हणून तर म्हणतोय की गायकीची नक्कल नको. आणखी एक, आळस फार बोकाळलाय. प्रीसेट, म्हणजे आयता तयार आवाज, उघडायचा, चार स्वर दाबायचे, झालं गाणं. आवाज उजळ-मंद करणारा फिल्टर कुठं उघडतो, आवाजाचा चढउतार ठरवणारा एन्व्हलप किती वेळात खाली येतो, यावर रोज तासभर बसलं तर सिंथलाही हात येतो. बसताना बफर, म्हणजे वाजवण्याआधी कॉम्प्युटर आवाजाचा जेवढा तुकडा साठवतो तो, कमी करा. 1024 सॅम्पलवर (इथं सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) 44.1 किलोहर्ट्झला एकट्या बफरचा उशीर 23 मिलिसेकंद होतो, दाबलेलं आणि ऐकू आलेलं जुळत नाही. 256 वर तो सहाच्या आत येतो. साध्या विंडोज लॅपटॉपला आधी हा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर बसवा.

पेठेतला_भावा
हे सगळं ठीक, अध्यक्षाला तरीही हलगीच पाहिजे. हलगीवाले दादा, एक काम करू. एक दिवस बसा, सगळे ठोके रेकॉर्ड करतो, जाळावरचे आणि गार पडलेलेही. त्या दिवसाची पूर्ण सुपारी देतो.

हलगी_घुमकं_कैताळ
आणि मग? एका दिवसाची सुपारी, आणि वाजणार मी तुझ्या पुढच्या सगळ्या गाण्यांत. मला परत कोण बोलवणार?

पेटीवाला
गाण्यागणिक पैसे ठरवा. लिहून घ्या.

हलगी_घुमकं_कैताळ
लिहून घ्यायला हरकत नाही. पण ठोके एकदा याच्या लॅपटॉपवर गेले की पेनड्राईव्हवरनं कुठल्या कुठं पोचतील, त्याचा हिशोब हा तरी कुठनं देणार? गाणं घेऊन ये, वाजवून जातो. दोन तासांचं काम, सुपारीही निम्मीच घेईन. ठोके ठेवून जाणार नाही.

पेठेतला_भावा
परवाच्या आत जमतंय का सांगा मग.