इथेनॉलचा दर, मक्याचा भाव आणि अंड्याचा खर्च: यांचा परस्परसंबंध नेमका काय?

प्रश्न (अंड्यांसाठी कुक्कुटपालन, नाशिक जिल्हा)

माझ्याकडे अंडी देणारे पाच हजार पक्षी आहेत. एका पक्ष्याला दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे रोजचे साडेपाच क्विंटल, आणि त्यात निम्म्याहून अधिक मका असतो. २०२४ मध्ये मका क्विंटलला अडीच हजारांच्या पुढे गेला तेव्हा मला जुने पक्षी लवकर विकावे लागले आणि त्यांच्या जागी नवी पिल्ले घेता आली नाहीत. २०२५ च्या दिवाळीनंतर मात्र तोच मका हमीभावाच्या पुष्कळ खाली विकला गेला. दोन्ही वेळा कारण म्हणून इथेनॉलचेच, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ऊस व धान्यापासून काढलेल्या मद्यार्काचेच, नाव घेतले जाते. एकाच धोरणाने भाव चढतो आणि पडतो, हे कसे शक्य आहे? आणि सरकार या धोरणावर जो खर्च करते, त्याचा लाभ शेवटी कोणाच्या पदरात पडतो? जाणकारांनी आकड्यांसह समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर १ (कृषी अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पुणे)

आपल्या प्रश्नाचे उत्तर एका छोट्या हिशोबात आहे. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते, म्हणजे क्विंटलला ३८ लिटर. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दिले. म्हणजे एका क्विंटलमागे आसवनीच्या (इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्याच्या) हाती सुमारे २,७३० रुपये आले, शिवाय तीसेक किलो चोथा वेगळा, जो पशुखाद्य म्हणून विकला जातो. हा दर सरकार ठरवते आणि माल घेणारा ग्राहक आधीच निश्चित असतो. अंड्याचा दर मात्र रोज बदलतो. त्यामुळे मका महागला तरी आसवनी तो काही मर्यादेपर्यंत घेऊ शकते, आणि आपण ज्या भावाला थांबता, त्या भावाला ती थांबत नाही.

आता २०२४ मध्येच हे का घडले, ते पाहू. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणासाठी २०३० हे वर्ष ठरवले होते. पुढे ते उद्दिष्ट २०२५-२६ वर आणले गेले. या काळात आसवन्यांना व्याजात सवलत मिळाली आणि मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सुरुवातीचा सारा भर उसावर होता. साखर अतिरिक्त होत होती, तिचा किमान विक्री दर २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर थांबलेला होता, आणि उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान कायदेशीर दर) मात्र वाढत होती. या कोंडीतून कारखान्यांना बाहेर काढण्याचा तो मार्ग होता. पण २०२३ चा ऑगस्ट हा देशातील १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली आणि आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. त्याआधी जुलैमध्येच भारतीय अन्न महामंडळाचा, म्हणजे सरकारी गोदामांतला, तांदूळ आसवन्यांना देणे बंद झाले होते. मिश्रणाचे उद्दिष्ट मात्र कायम राहिले, आणि ऊस व तांदूळ यांचे ओझे मक्यावर आले. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो म्यानमार आणि युक्रेनमधून आणू लागला.

२०२५ ची घसरण त्याच गोष्टीचे दुसरे टोक आहे. चांगला भाव पाहून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला आणि उद्योजकांनी आसवन्या उभारल्या. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितले, तर पुरवठादारांनी १,७७६ कोटी लिटर देऊ केले. मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले की मागणी तेथेच थबकते. पीक मात्र थबकत नाही.

उत्तर २ (मका उत्पादक, सिल्लोड तालुका)

प्राध्यापकांचा हिशोब मला मान्य आहे, परंतु त्यात आमची बाजू राहून गेली. इथेनॉल नव्हते तेव्हा मक्याचा हमीभाव कागदावरच असे आणि व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यावा लागे. माझ्या पंचवीस वर्षांच्या शेतीत मका हमीभावाच्या वर सलग विकला गेला तो केवळ या दोन-तीन वर्षांत. त्या पैशातून मी ठिबक केले. पोल्ट्रीवाल्या दादांना जो भाव जड गेला, तोच आमच्या घरात पहिल्यांदा पुरला, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

२०२५-२६ च्या हंगामात मक्याचा हमीभाव २,४०० रुपये होता. सप्टेंबरच्या पावसात कणसे भिजली, दाण्यात ओलावा राहिला. हमीभावाच्या खरेदीला १४ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा चालत नाही, आणि वाळवायला आमच्याकडे खळ्याशिवाय दुसरी सोय नाही. मी सोळाशेने माल दिला. कारखान्याच्या इथेनॉलचा दर ठरलेला असतो, पण त्यासाठी लागणाऱ्या मक्याला कमीत कमी काय द्यायचे, याचे कोणतेही बंधन आसवनीवर नाही. उसाला एफआरपीचा कायदेशीर आधार आहे. मक्याला तसा का नसावा?

उत्तर ३ (सोयाबीन उत्पादक, लातूर जिल्हा)

या चर्चेत सोयाबीनचा उल्लेख झाला नाही, म्हणून लिहिते. एक क्विंटल सोयाबीनमधून जेमतेम १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड. म्हणजे आमचा भाव पुष्कळसा पेंडीवर उभा आहे. आसवन्यांचा चोथा बाजारात आला तेव्हा तो पेंडीपेक्षा पुष्कळ स्वस्त होता. त्यात प्रथिने कमी असतात आणि बुरशीच्या विषाची भीतीही असते, तरी खाद्य कारखान्यांनी पेंडीचे प्रमाण घटवून तो मिसळायला सुरुवात केली. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना आमच्या मोंढ्यात चार हजारांच्या आसपास विक्री झाली. त्याला तेलाची आयात आणि जगभरातील भरघोस पीकही कारण होते, हे मी नाकारत नाही. पण आमच्याकडचे लोक सोयाबीन सोडून मक्याकडे वळू लागले आहेत, आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या देशात ही गोष्ट मला चिंतेची वाटते.

उत्तर ४ (मूळचे सांगलीचे, सध्या आयोवा, अमेरिका)

येथे हा अनुभव जुना आहे. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी इंधनात किती जैवइंधन मिसळायचे याचे प्रमाण ठरवून दिले. आज येथील मक्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग इथेनॉलला जातो. २०१२ च्या भीषण दुष्काळात मक्याचा भाव बुशेलला (सुमारे २५ किलोला) आठ डॉलरच्या वर गेला. पशुपालकांनी आणि काही राज्यांच्या गव्हर्नरांनी त्या वर्षापुरती तरी सक्ती शिथिल करा, अशी मागणी केली. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेने नोव्हेंबरमध्ये ती फेटाळली. माझे शेजारी मका पिकवतात आणि त्यांना ही सक्ती हवी आहे. तरीही माझे मत असे झाले आहे की, दुष्काळात न वाकणारे उद्दिष्ट गुरे-कोंबड्यांच्या चाऱ्यातून आणि माणसांच्या ताटातून वसूल होते.

प्रश्नकर्ता

सिल्लोडच्या दादांचे म्हणणे मला पटले. मी आजवर मका स्वस्त मिळणे हा आपला हक्क समजत होतो. प्राध्यापक महोदयांना एकच विचारतो: तांदळाचे पुढे काय झाले?

उत्तर १ (पुन्हा)

गोदामे भरल्यावर तांदूळ पुन्हा खुला झाला. २०२४-२५ साठी ५२ लाख टन राखून ठेवले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दर क्विंटलला २,८०० वरून २,२५० रुपये केला. तो तांदूळ खरेदी करून, साठवून, वाहून नेण्याचा महामंडळाचा खर्च क्विंटलला चार हजारांच्या आसपास आहे. मधल्या फरकाचा भार करदात्यावर पडतो, पण तो इथेनॉलच्या खर्चात कोठेही दाखवला जात नाही. आणि हा स्वस्त तांदूळ आसवनीत गेला, तितका सिल्लोडचा मका बाहेर राहिला. म्हणून मका उत्पादकांची किमान भावाची मागणी मला रास्त वाटते. तिच्या जोडीला मिश्रणाचे प्रमाण दर वर्षी खरिपाचे पीक पाहून ऑक्टोबरात ठरावे, म्हणजे कमी पावसाच्या वर्षी आपल्या पक्ष्यांनाही खाद्य मिळेल.