गोल्डन आयडॉलचा दुसरा भाग : सगळं सुटलं, पण 'अरेच्चा!' झालंच नाही. फक्त मलाच असं वाटलं का?

शंकासुर

काल रात्री अडीच वाजता 'द राइज ऑफ द गोल्डन आयडॉल' हा व्हिडिओ गेम संपवला आणि तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. स्पॉयलर देणार नाही, तुम्हीही देऊ नका, अगदीच राहवलं नाही तर वर मोठ्ठं लिहा आणि पाचसहा ओळी मोकळ्या सोडा.

पहिला भाग, 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल', २०२२च्या ऑक्टोबरात आला तेव्हा मी अक्षरशः येडा झालो होतो. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी : समोर एक गोठलेलं दृश्य, कोणीतरी नुकतंच मेलंय किंवा मरतंय, आजूबाजूची माणसं जिथल्या तिथे उभी, आपण सगळ्यांचे खिसे तपासायचे, पत्रं वाचायची, टेबलाखाली डोकावायचं, आणि त्यातून शब्द गोळा करायचे. नावं, क्रियापदं, वस्तू, जागा. मग ते शब्द घेऊन एक उतारा पुरा करायचा. गाळलेल्या जागा भरा, बास. शाळेत सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न, आणि त्याच्यावर या लोकांनी १८व्या शतकातली ५० वर्षांची, १२ मरणांची गोष्ट उभी केली. शेवटच्या केसेसमध्ये मागच्या सगळ्या केसेस एकदम उलट्या दिसायला लागतात तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या, खोटं नाही सांगत.

मग २०२४च्या नोव्हेंबरात दुसरा आला. काळ १९७०च्या दशकातला, केसेस २०, चित्रं एकदम वेगळी. पहिल्यातली ती जाड पिक्सेलवाली, कुरूप तोंडांची, दात विचकणारी माणसं मला फार आवडायची, आता सगळं गुळगुळीत रंगवलेलं आहे, पण ठीक आहे, त्याचीही सवय झाली. स्क्रीनसुद्धा सुधारलाय. आधी शोधायचं एकीकडे आणि विचार करायचा दुसरीकडे असं सारखं इकडून तिकडे जावं लागायचं, आता दृश्यावरच गाळलेल्या जागांची पाटी उघडते. सगळं कसं छान. केसेसही एकसारख्या नाहीत, वैविध्य भरपूर.

आणि तरी. वीसच्या वीस सोडवल्या पण पहिल्या भागात पोटात जो गोळा यायचा ना, 'अरेच्चा, म्हणजे हा तो नव्हताच!' असा, तो मोजून तीनदा आला असेल. बाकी वेळा मी वाक्य पुरं केलं, टिंग वाजलं, पुढे. खून कोणी केला ते मला खेळाने सांगितलं, मी खेळाला नाही. हे माझंच होतंय का? गेम खरंच उतरलाय की मीच जून झालोय?

कोडेकरीण

तुम्ही जून झालायत :)

गंमत सोडा, पण खरंच सांगते, पहिल्या भागाच्या वेळी आपल्याला हा खेळ कसा विचार करतो तेच माहीत नव्हतं. मेलेल्या माणसापेक्षा कोपऱ्यात उभ्या नोकराच्या खिशातली चिठ्ठी महत्त्वाची असते हे कळायलाच चार केसेस गेल्या. आता तुम्ही आत शिरल्या शिरल्या सगळ्यांचे खिसे उलटे करता, तारखा बघता, कोणाची सही कुठल्या अक्षराने सुरू होते ते बघता. बनवणाऱ्यांचं काही बिघडलं नाहीये, तुम्हाला त्यांची पद्धत कळलीये. यात गेमचा काय दोष?

दुसरं म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी जो मोठा फळा येतो, त्या प्रकरणातल्या सगळ्या केसेस मिळून नेमकं काय घडलं तो, त्याच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. माझ्या मते दुसऱ्या भागाचा जीव तिथे आहे. सुट्या केसेस सोप्या वाटतात कारण त्या विटा आहेत, भिंत तिकडे बांधायची आहे. मला तिसऱ्या प्रकरणाच्या फळ्याला अख्खी संध्याकाळ लागली आणि तिथे मला तुमचा तो गोळा चांगला दोनदा आला.

आणि एक खासगी प्रश्न. तो 'दोन किंवा त्याहून कमी चुका आहेत' असा मेसेज येतो ना, तो आल्यावर तुम्ही काय करता? खरं सांगायचं हं.

रातकिडा

कोडेकरीणताईंनी बरोबर नस पकडलीये. मी सांगतो सगळे काय करतात. दोन नावांची अदलाबदल करतात. आणि दहातल्या सात वेळा ते बरोबर येतं, कारण दोन चुका म्हणजे बहुतेक वेळा दोन माणसं एकमेकांच्या जागी बसलेली असतात. नाही आलं तर दुसरी जोडी. समजा १० जागा आहेत, तर जोड्या होतात ४५, त्यातही नावाच्या जागी क्रियापद टाकणार नाही म्हणजे प्रत्यक्षात आठदहाच उरतात. एवढं तर चहा निवेपर्यंत होतं. मग टिंग वाजतं आणि आपल्याला वाटतं आपण सोडवलं.

याच्यासाठी मी कायम 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'चं उदाहरण देतो. २०१८चा गेम, लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला, १८०७ सालचं जहाज, त्यावरच्या ६० जणांचं काय झालं ते वहीत लिहायचं. तिथे तीन जणांचं नाव आणि नशीब दोन्ही पूर्ण बरोबर झालं तरच वही पक्कं करते, तोपर्यंत तोंडातून शब्द नाही. दोन बरोबर असले आणि तिसरा चुकला तरी वही मख्ख. त्यामुळे तुक्का मारता येतो पण महाग पडतो. गोल्डन आयडॉलवाले दोघे भाऊ, लाटव्हियाचे आंद्रेयस आणि अर्नेस्ट्स क्लाविन्श, त्यांनी ओब्रा डिनपासून स्फूर्ती घेतल्याचं स्वतः सांगितलंय, आणि मला नेहमी वाटतं की सगळं घेतलं, फक्त तो मख्खपणा घ्यायचा राहिला.

अर्थात उलट बाजूही आहे. ओब्रा डिनमध्ये मी शेवटच्या दहाबारा खलाशांना निव्वळ तुक्क्यांनी मारलंय. नावांची यादी संपत आली की उरलेल्यांचं गणित आपोआप सुटतं. तेव्हा फार शहाणपणा नको.

शंकासुर

पकडलंत. हो, अदलाबदल करतो. लाज वाटते पण करतो. आणि आत्ता तुमचे प्रतिसाद वाचून मागचं आठवत बसलो तर लक्षात आलं की पहिल्या भागात मी ती करत नव्हतो, कारण तेव्हा मला गोष्टीतल्या क्लाउड्सली घराण्यात कोण कोणाचा कोण हे स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं, मी चक्क वहीत वंशावळ काढली होती. दुसऱ्या भागात वही उघडलीच नाही.

पण कोडेकरीण, सगळं माझ्या माथी मारू नका हो. वही का उघडली नाही? कारण पहिल्यात ती सोनेरी मूर्ती एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, आणि कोणाच्या हातात आहे, तिच्यापायी कोण कोणाला संपवतोय हा धागा दर केसला घट्ट धरून होता. तीच ती लोभी माणसं परत भेटायची, म्हातारी होऊन भेटायची. दुसऱ्यात माणसं जास्त, प्रत्येक केसमध्ये नवी गर्दी, मी एकाचं नाव लक्षात ठेवेपर्यंत तो गायब. फळ्यावर ती सगळी परत येतात मान्य, पण तोपर्यंत मला त्यांचं काही पडलेलं नसतं. कोडं म्हणून फळा उत्तमच आहे. पण मला कोड्यापेक्षा त्या माणसांच्या भानगडीत रस होता बहुतेक, हे आत्ता लिहिता लिहिता कळतंय.

गोगलगाय

मी उशिरा आले. एक अवांतर मुद्दा पण मला भयंकर इंटरेस्टिंग वाटतो.

या गेममध्ये अर्धे क्लू वाक्याच्या रचनेतच असतात. गाळलेल्या जागेच्या पुढेमागे काय आहे त्यावरून तिथे माणूस येणार की वस्तू ते कळतं, आणि मग पुरावा न बघताच यादीतून दोनतीन पर्याय उरतात. शंकासुर म्हणतायत ते 'वाक्य पुरं केलं' वालं फीलिंग मला तिथून येतं. डोकं गुप्तहेराचं चालत नाही, व्याकरणाच्या पेपरचं चालतं.

आता विचार करा हा गेम मराठीत असता तर! '____ने ____ला ____ पाजलं.' झालं, विष किंवा दूध किंवा औषध, म्हणजे नपुंसकलिंगी पातळ वस्तू शोधा. 'पाजली' असेल तर दारू, शोध संपला. '____ पळाली' म्हटलं की घरातले सगळे पुरुष निर्दोष सुटले. आपल्या क्रियापदाच्या पोटात काही राहतच नाही. मी एका केसचा उतारा मराठीत करून बघितला, अगदी खरंच कागदावर, तर शेवटी सगळं 'यांनी' आणि 'त्या व्यक्तीने' असं लिहावं लागलं आणि तो उतारा पोलिसांच्या पंचनाम्यासारखा वाचायला लागला. ज्या भाषांमध्ये क्रियापद असं लिंगाप्रमाणे बदलतं तिथल्या अनुवादकांना दंडवत.

बाकी माझं मत, दुसरा भाग पहिल्यापेक्षा कमी नाही, फक्त पसरट आहे. शेवटचं प्रकरण खेळून झाल्यावर पहिल्या प्रकरणातली दृश्यं पुन्हा उघडून बघा, तिथे भिंतीवर आणि टेबलावर काय काय पडलं होतं ते. मला तिथे शहारे आले.

नवा_भिडू

वाचतोय, भारी चर्चा. एक बाळबोध प्रश्न, मी दोन्ही खेळलेलो नाही, निन्टेंडो स्विचवर दोन्ही दिसतायत, सरळ दुसऱ्यापासून सुरू केलं तर चालेल का? चित्रं त्याची जास्त आवडली मला. आणि इंग्रजी बेताचं आहे, झेपेल?

रातकिडा

@नवा_भिडू चालेल तसं. दोन्हींच्या गोष्टीत सुमारे दोनशे वर्षांचं अंतर आहे, दुसऱ्यातल्या कोणालाच पहिल्यातलं धड काही माहीत नाही, म्हणजे तुझ्यासारखेच ते. पण पहिल्यापासून सुरू कर असंच सांगेन. कारण उलट क्रमाने गेलास तर मूर्तीबद्दलचं जे पहिल्या भागात हळूहळू उलगडत जातं ते तुला आयतंच माहीत असेल, आणि ते एकदाच कळण्यासारखं आहे. शिवाय पहिला छोटा आहे, आवडला नाही तर फार काही गेलं नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर लांबलचक वर्णनं नाहीत, पण पत्रांची भाषा पहिल्यात जरा जुन्या वळणाची आहे. शब्दकोश जवळ ठेव. एखाद्या शब्दाचा अर्थच माहीत नसला तर केस सुटत नाही आणि आपण उगाच स्वतःला मठ्ठ समजत बसतो, मी बसलोय.

कोडेकरीण

+१. आणि पहिला संपला की लगेच दुसऱ्यावर उडी मारू नकोस रे. मध्ये पहिल्याचे दोन डीएलसी (मूळ गेमला जोडून नंतर आलेले जादा भाग) आहेत २०२३चे, 'द स्पायडर ऑफ लंका' आणि 'द लेम्युरियन व्हॅम्पायर', तीन तीन केसेसचे, पहिल्या भागाच्या आधीची गोष्ट सांगणारे. पण खेळायचे नंतरच. थोडे जास्त अवघड आहेत, लंकावाल्याने मला रडवलंय.

आणि हिंटच्या बटणाला हात लावू नकोस. लावलास तर इथे येऊन सांगू नकोस.

@शंकासुर, तुमचं ते माणसांच्या भानगडीवालं पटलं मला. मी मुळात कोडी सोडवायला जाते, मेलेल्याचं नावही लक्षात राहत नाही माझ्या, म्हणून मला फळे आवडले असणार. आपण दोघं एकच गेम खेळलो असं मला आता वाटत नाहीये. बरं एक प्रयोग करा. दुसऱ्याचेही डीएलसी आलेत २०२५मध्ये, पहिला 'द सिन्स ऑफ न्यू वेल्स'. तो घ्या आणि एकच नियम पाळा, आधी वहीत तीन ओळींत लिहायचं कोणी, कोणाला, का. ते लिहून होईपर्यंत एकही शब्द गाळलेल्या जागेत टाकायचा नाही.

शंकासुर

बरेच दिवसांनी वर आणतोय धागा. प्रयोग केला.

पहिल्या केसला तासभर वही घेऊन बसलो. तीन ओळींच्या सव्वा पानं झाली, बाण, वर्तुळं, प्रश्नचिन्हं. मग छातीठोकपणे सगळे शब्द भरले. मेसेजसुद्धा आला नाही तो दोन चुकांवाला, म्हणजे त्याहून जास्त चुकलेलं. कारण मी ज्याला भाऊ समजत होतो तो भाऊ नव्हताच, नाव एका कागदावर वाचलं आणि तोंड दुसऱ्याचं चिकटवलं, आणि त्या एका चुकीवर अख्खी थिअरी रचलेली. ते सापडलं आणि सगळं फडाफड पडलं आणि परत वेगळंच उभं राहिलं. आला, गोळा आला पोटात!

पुढच्या केसला मात्र दमलो आणि दोन नावांची अदलाबदल केली. एकदाच. कोडेकरीण, सॉरी.

गोगलगाय, तुमचं ऐकून पहिल्या प्रकरणातली दृश्यं परत उघडली. भिंतीवरचं दिसलं. आता झोप येत नाहीये.

नवा_भिडू

पहिल्या भागाची तिसरी केस. दोन तास झाले. सगळ्यांचे खिसे दोनदा बघितले, शब्द सगळे मिळालेत असं तो म्हणतोय पण एका माणसाचं नावच लागत नाहीये. कोणी सांगू नका. फक्त एवढं सांगा, ते नाव खरंच इथेच कुठेतरी आहे ना?

रातकिडा

आहे.