‘परित्यक्त कारखाना’ म्हणावं का?

खाडीकाठ:
वागळे इस्टेटमधल्या बंद कारखान्यांचे फोटो गेले दोन पावसाळे काढतेय, रीतसर परवानगी घेऊन. आता छोटं प्रदर्शन ठरलंय. चित्रओळीत ‘परित्यक्त कारखाना’ लिहिलं, तर आई म्हणाली, ‘‘परित्यक्ता म्हणजे नवऱ्यानं टाकलेली बाई.’’ आता तो शब्द वाचवत नाही. दुसरा सुचवा.

मोडीवाचक:
ओसाड. ‘ओस’ हा ‘उद्वस’वरून आलाय. वस् म्हणजे राहणं. राहती माणसं उठून गेली की ओस. इतका नेमका शब्द घरात असताना परित्यक्त कशाला?

सावरीचा कापूस:
तुमच्याच व्युत्पत्तीनं अडतंय की. कारखान्यात राहत कोण होतं? गाव ओस पडतं, वाडा ओस पडतो, जमीन पडीक राहते. कारखाना बंद पडतो.

तिसरी पाळी:
मी राहत होतो. एकतीस वर्षं. पाळी संपली की ओव्हरटाइम, घरी नुसता झोपायला. पण ठाण्यात ‘कारखाना’ म्हणतं कोण? आम्ही कंपनीत जायचो. ‘कंपनी बंद पडली’ म्हटलं की चाळीत पुढचं सांगावं लागायचं नाही. थोरला भाऊ परळला होता, त्याची मात्र गिरणी. १९८२च्या संपात गेली.

मोडीवाचक:
काका, कंपनी म्हणजे भागीदारांची मंडळी. इमारतीला कंपनी म्हणणं चूकच. कारखाना बघा: कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर.

सावरीचा कापूस:
म्हणजे फारसी चालते, इंग्रजी नाही? कॅसल मिल नाक्याला काय म्हणणार आहात? मिल गेली, रिक्षावाल्याला नाव अजून लागतं. आणि ‘वस्’चंच म्हणाल, तर १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात वागळे इस्टेटमधून झाली, तिला मराठीत आपण औद्योगिक ‘वसाहत’ म्हणतो. वसाहत असेल तर ओसही पडेल. घ्या, मीच माझं म्हणणं खोडलं.

खाडीकाठ:
मला ‘ओस’ पटायला लागलंय. पण आणखी एक. एका शेडमध्ये लोखंडी सांगाडा आहे, खाली तेलाचा काळा डाग, वर पिंपळ फुटलाय. रखवालदार त्याला ‘साचा’ म्हणाला. ओतकामाचा साचा तर असा नसतो.

तिसरी पाळी:
ताई, तो माग असणार. गिरणीत मागाला साचाच म्हणतात, विणकामाचं ते साचेखातं. भाऊ चार साचे सांभाळायचा.

मोडीवाचक:
साचा म्हणजे ठसा, ज्यात वस्तू घडते तो. मागाला साचा हा गिरणीतला अपभ्रंश, प्रदर्शनात नको.

तिसरी पाळी:
त्या साच्यावर आमचं घर चाललं. अपभ्रंश कसला?

खाडीकाठ:
काका, त्याच शेडच्या दाराशी लाकडी फळी आहे. कार्डांचे खण, प्रत्येकावर पत्र्याचा नंबर. एका खणात पारव्यानं काड्या रचल्यात. तिला काय म्हणायचे?

तिसरी पाळी:
हजेरीची फळी. नंबर वाचता येतात का? फोटो मोठा करून टाका.