नागपूर–मुंबई विमानाला उशीर झाला आणि पुढचे विमान चुकले, तर भरपाई मिळते का?

वर्धेकर:
आई-वडिलांना डिसेंबरअखेरीस बहिणीकडे दुबईला जायचे आहे. मुंबईहून त्यांचे विमान पहाटे पावणेपाचला आहे. नागपूरहून रात्री साडेनऊचे विमान दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या तिकिटावर घ्यावे असा विचार आहे. प्रवास दीड तासाचाच असला, तरी उशीर होऊन दुबईचे विमान चुकल्यास पहिल्या कंपनीकडून काही मिळेल का?

खिडकीची_जागा:
नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांहून अधिक असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. आणि आपल्यासारखे रात्री आठ ते पहाटे तीनमधले विमान सहा तासांहून अधिक लांबले, तर हॉटेल. उड्डाण रद्द झाले आणि 24 तास आधी कळवले नाही, तर एक ते दोन तासांच्या प्रवासासाठी 7,500 रुपये किंवा मूळ भाडे व इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी ती मिळते. म्हणजे स्वस्त तिकिटाची भरपाईही स्वस्तच. धुके किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचे कारण असल्यास तीही नाही. तिकीट एजंटामार्फत काढणार असाल, तर त्यावर आई-वडिलांचा स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवून घ्या, कारण संपर्काची पुरेशी माहिती न दिलेल्या प्रवाशाला ही भरपाई नाकारता येते.

धावपट्टी_सत्तावीस:
नियमांपेक्षा मला वेळेची निवड अधिक महत्त्वाची वाटते. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते आणि सकाळी झालेला उशीर रात्रीच्या फेरीपर्यंत साचत जातो. डिसेंबरात दिल्लीला धुके असले, की नागपूरचे आकाश निरभ्र असूनही विमान येत नाही, कारण ते दिल्लीतच अडकलेले असू शकते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे खोळंबा लवकर भरून निघत नाही. शिवाय तिकिटे वेगळी असल्याने सामान मुंबईत उतरवून घ्यावे लागेल, आणि पहिले विमान टर्मिनल एकवर उतरले तर वृद्धांना रस्त्याने टर्मिनल दोन गाठावे लागेल. दुपारचे विमान घ्या, किंवा सबंध प्रवास एकाच तिकिटावर काढा. मग पुढच्या विमानाची सोय लावणे कंपनीकडे येते.

पायरी_क्रमांक_दोन:
वरील मताशी सहमत आहे. मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग पूर्ण बंद समजू नये. दिल्ली–हैदराबाद विमानाच्या धुक्यामुळे झालेल्या विलंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कंपनीला विलंबासाठी दोषी धरले नाही, पण थांबलेल्या प्रवाशांच्या किमान सोयी पाहणे हे तिचे कर्तव्य आहे असे स्पष्ट केले. उलट 2021 मध्ये, अजमेर–जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचून श्रीनगरचे विमान चुकले तेव्हा, विलंबाचे कारण रेल्वेला सिद्ध करता आले नाही म्हणून प्रवाशाला भरपाई मिळाली. सगळे त्या कारणावर अवलंबून असल्यामुळे विलंबाचे कारण कंपनीकडून ईमेलने मागवा, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि आधी एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. पुढे आयोगात जावे लागले, तर 2019 च्या कायद्यानुसार आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्यालाच, दावा करता येतो.

वर्धेकर:
सर्वांचे आभार. एकाच तिकिटाचे दर आज पाहतो. ते फारच चढे असतील, तर आदल्या रात्रीच्या दुरांतोने दोघांना मुंबईला पाठवू.