मदत हवी आहे : गृहविमा, वादळ आणि वाळवी

दापोलीजवळ आमचं कौलारू घर आहे. आई एकटी असते, मी ठाण्यात. 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. वादळ, पूर, आग, भूकंप सगळं त्यात आहे म्हणून निर्धास्त होतो.

गेल्या महिन्यातल्या वादळात पडवीवर माड पडला. कौलं फुटली, चार वासे मोडले. सर्व्हेअर आला, त्याने मोडक्या वाशात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर आतून नुसता भुसा. वाळवी! आता विमा कंपनीवाले म्हणतात कौलांचे पैसे देऊ, वाशांचे नाही. ते झिजेत आणि देखभालीच्या अभावात मोडतं.

खरं सांगायचं तर कौलं दरवर्षी मे महिन्यात परतून घेतो, पण वाळवीचं औषध मारून पाच वर्षं झाली. चूक माझीच. तरी माड पडला नसता तर वासे मोडले असते का?

लाकूडकामाचा दावा असा अर्धवट कापला गेल्यावर कुणी भांडून मिळवलाय का? कौलं परतणाऱ्या गड्याकडे बिल कुठलं असायला, मग देखभालीचा पुरावा म्हणून काय दाखवायचं? विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जाण्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते एवढं कळलंय. ती मराठीत चालते का?

तोवर पडवीवर ताडपत्री आहे.