मदत हवी आहे: व्हिडिओ गेमच्या मशीनची जॉयस्टिक बदलली, आता मुस्तफा उलटा चालतोय (तातडीचं)

तारकर्ली_टपरी
नमस्कार. दुकानात बाबांच्या वेळचं व्हिडिओ गेमचं मशीन आहे, दोघांनी खेळायचं. एक नंबरची जॉयस्टिक गेली होती म्हणून मुंबईहून नवीन मागवली आणि काल रात्री बसवली. आता दांडा वर केला की मुस्तफा खाली जातो. आणि दोन नंबरचं काहीच चालत नाही, त्याला तर मी हातसुद्धा लावलेला नाही. कॅलिब्रेशन वगैरे काही करायचं असतं का ह्यात? की दोन नंबरची पण नवीन मागवू? शनिवारपासून सुट्टीची गर्दी सुरू होते, पार्सल यायला चार दिवस जातात. लवकर सांगा.

सुकट_बोंबील
मुस्तफा!!! पिवळ्या टोपीवाला! शाळा चुकवून किती रुपये घातले असतील त्यात, घरी अजून माहीत नाही. मदत काही करता येणार नाही, पण मशीनचा एक फोटो टाका ना.

सोल्डरमास्तर
कॅलिब्रेशन नसतं. दांड्याच्या खाली चार बाजूंना चार स्विच असतात, तेवढाच कारभार. फार घाई करून अर्धीच माहिती दिलीत. जुनी जॉयस्टिक कशी होती, पत्तीची की टकटक वाजणाऱ्या मायक्रोस्विचची? नवीन कुठली, तिला सुट्या वायर जोडायच्या की एकच प्लग? फक्त वर-खाली उलटं आहे की डावं-उजवं पण? आणि दोन नंबरचं "काहीच" म्हणजे फक्त दांडा, की बटनं आणि स्टार्टसुद्धा?

पॅन्डोरावाला
कशाला त्या जुन्या बोर्डात जीव अडकवताय? पॅन्डोरा बॉक्स घ्या, एका डबीत हजाराच्या वर गेम. तोच छप्पन पिनांचा कनेक्टर, जुना काढा, नवीन खोचा. पोरं मुस्तफाला कंटाळतात हो.

सुकट_बोंबील
मुस्तफाला कंटाळणारी पोरं आमच्या गावात जन्मली नाहीत.

तारकर्ली_टपरी
जुनी टकटकवाली. नवीन गोळ्याच्या दांड्याची आहे, तिला पाच वायरचा प्लग आला होता. तो आमच्या मशीनला बसत नाही म्हणून कापला आणि वायरी पिळून जोडल्या. डावं-उजवं आत्ता बघितलं, ते पण उलटंच आहे. घाईत लक्षात आलं नव्हतं. दोन नंबरचं तपासून सांगतो, आत्ता गिऱ्हाईक आहे.

@पॅन्डोरावाला, मला नवीन बोर्ड नको. विचारलं काय, सांगताय काय.

तिरफळ
जुनी फेकली नाही ना? बदलायची मुळात गरजच नव्हती. आमचं वेंगुर्ल्याला हॉटेल होतं तेव्हा समुद्राच्या वाऱ्याने दर पावसाळ्यानंतर हाच त्रास. स्विचच्या आतल्या टिकल्यांवर थर धरतो आणि दांडा हलवला तरी करंट जात नाही. डब्ल्यूडी-४० चा एक फवारा मारायचा, दहा वेळा हलवायचं, सुरू.

सोल्डरमास्तर
आणि महिन्याभरात परत बंद. डब्ल्यूडी-४० सुकल्यावर चिकट थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो उडून जातो, मागे काही ठेवत नाही. आणि खरं तर एवढासा मायक्रोस्विच धूत बसण्यापेक्षा बदलावा, दोन स्क्रूंचं काम. वायर घालताना अंगावर छापलेलं वाचायचं, कॉमन (सामायिक) आणि एनओ (दाबल्यावर जुळणारी) ह्या दोन पट्ट्या घ्यायच्या. एनसीला (न दाबताच जुळलेली असते ती) लावली तर मुस्तफा आपोआप एका बाजूला चालत सुटतो आणि लोक म्हणतात बोर्ड गेला.

तिरफळ
आम्ही बारा वर्षं डब्ल्यूडी मारला, महिन्याभरात वगैरे काही बंद पडलं नाही. पुस्तकातलं सांगू नका.

आजीचा_नातू
आमच्याकडे दांड्याला खोबरेल लावायचे.

सोल्डरमास्तर
खोबरेल थंडीत गोठतं आणि मग मुंग्या येतात. दांडा जिथे टेकून हलतो तिथे थोडं सिलिकॉन ग्रीस, स्विचला काहीच नाही.

चाकरमानी_परळ
स्क्रीनच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसत असेल तर स्पीकर पिक्चर ट्यूबच्या फार जवळ आहे. त्यातल्या चुंबकाने होतं. स्पीकर लांब करा आणि टीव्ही चार-पाच वेळा थोड्या थोड्या वेळाने बंद-चालू करा, डाग जातो.

तारकर्ली_टपरी
स्क्रीनला काही झालेलं नाही.

सोल्डरमास्तर
परळकर, विषय कुठला आणि तुम्ही कुठे. पण त्यावरून एक सांगून ठेवतो. टपरीवाले, मागचं दार उघडलंत तर पिक्चर ट्यूबला आणि तिच्यावरच्या रबरी टोपीला हात लावू नका. तिथे वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ तिथेच बसून राहतात. जॉयस्टिकचं काम पुढच्या फळीखाली आहे, तेवढंच उघडा, तेही प्लग काढून.

कुडाळ_इलेक्ट्रॉनिक्स
दोन नंबर पूर्ण बंद म्हणजे पॉवर सप्लाय उतरलाय. मल्टिमीटरने १२ व्होल्ट बघा. आठ-नऊ दाखवत असेल तर जॉयस्टिकला करंट पुरत नाही.

सोल्डरमास्तर
१२ व्होल्ट आवाजाच्या अँप्लिफायरला लागतो, जॉयस्टिकला नाही. सप्लाय उतरला असता तर खेळच लागला नसता. बोर्ड ५ वर चालतो.

कुडाळ_इलेक्ट्रॉनिक्स
मी फक्त शक्यता सांगितली.

तारकर्ली_टपरी
बघितलं. दोन नंबरचा दांडा नाही, मार नाही, उडी नाही, स्टार्ट पण नाही. एक नंबरचं सगळं चालतं, फक्त दांडा उलटा. मीटर दुकानात नाही. मग दोन नंबरची मागवू ना? आज सांगितलं तर लक्झरीने शुक्रवारी येईल.

बंदरावरचो
मागवू नको. मी वीस वर्सां जत्रांनी ही मशिनां घेवन फिरलंय. माका एकच सांग, काल जुनी काढलंस तेवा वायरी किती निघाल्यो आणि नवीक किती लावलंस? काळी वायर खंय गेली?

तारकर्ली_टपरी
काळ्या दोन होत्या. नवीन जॉयस्टिकला काळ्या वायरची जागा एकच. एक जोडली, एक उरली तिला टेप मारून आत ढकलली. काळी म्हणजे अर्थिंगची ना, ती नसली तरी चालतं.

बंदरावरचो
मेल्या, हयच तर तुझो दोन नंबर मेलो.

सोल्डरमास्तर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर तुमचा अर्धा दिवस वाचला असता.

ती घरातली अर्थिंग नव्हे. ती ५ व्होल्टच्या सप्लायची मायनस, म्हणजे ग्राउंड, सगळ्या स्विचची सामायिक. ह्या मशीनमध्ये जॅमा नावाची जोडणी असते. जपानमध्ये १९८५ साली ठरली, बोर्डाच्या दोन्ही अंगांना अठ्ठावीस-अठ्ठावीस पट्ट्या. प्रत्येक दिशेची आणि बटनाची वेगळी पट्टी. तुम्ही दांडा डावीकडे नेला की "डावं" ही पट्टी त्या काळ्या वायरला चिकटते आणि बोर्डाला कळतं. काळी तुटली की स्विच कितीही टकटक करो, बोर्डाला पत्ता नाही.

आता ती काळी वायर प्रत्येक स्विचला वेगळी सोडत बसत नाहीत. एका स्विचवरून दुसऱ्यावर, तिथून पुढे, अशी माळ करतात. तुमच्या मशीनमध्ये माळ बहुतेक एक नंबरची बटनं, मग एक नंबरचा दांडा, मग तिथून दोन नंबरचं सगळं अशी ओवलीय. तुम्ही मधला मणी काढलात. जुन्या जॉयस्टिकवर चारी स्विचचे कॉमन आपसात जोडलेले होते, म्हणून एक काळी आत येत होती आणि एक बाहेर जात होती. नवीन जॉयस्टिकला कॉमन एकच, पण त्या एकाच जागी दोन्ही काळ्या एकत्र लावायच्या होत्या.

तारकर्ली_टपरी
म्हणजे टेपवाली त्याच काळ्याला जोडायची, एवढंच?

सोल्डरमास्तर
एवढंच. पिळून टेप मारू नका. तुमच्याकडच्या हवेत पिळलेली तांब्याची तार दोन पावसाळ्यात हिरवी होते आणि जोड सुटतो. सोल्डर करा, वर नळी चढवा. सोल्डरिंग नसेल तर स्क्रूचा कनेक्टर लावा.

आणि उलटं का चालतंय ते. दांडा मधल्या टेकूवर झुलतो, म्हणून गोळा वर ढकलला की खालचं टोक उलट बाजूला जातं आणि तिकडचा स्विच दाबला जातो. "वर"चा स्विच खालच्या अंगाला असतो. सुट्या वायर लावताना निम्मे लोक इथे फसतात. तुमच्या जॉयस्टिकला पट्टीवर छापील सर्किट आहे, त्यामुळे तुम्ही अख्खी उलटी बसवली असणार. प्लगचं तोंड कुठल्या बाजूला ठेवलंत?

तारकर्ली_टपरी
डावीकडे लाकडाचा टेकू आडवा येत होता, म्हणून उजवीकडे फिरवली.

सोल्डरमास्तर
तेच. चार स्क्रू काढून अर्धी फेरी फिरवा. टेकू फारच आड येत असेल तर जॉयस्टिक आहे तशी ठेवा, वर-खालीच्या वायरी आपसात बदला आणि डाव्या-उजव्याच्याही. फळ एकच.

तिरफळ
टेकू कानशीने घासा की. आणि जुनी जॉयस्टिक फेकू नका असं मी आधीच म्हटलं होतं.

पॅन्डोरावाला
पॅन्डोरा बॉक्सला पण हीच काळी वायर लागते, तेव्हा आधी ही जोडा, मग माझा विचार करा.

सुकट_बोंबील
रवळनाथाक गाऱ्हाणा घाला, उरलेली काळी वायर सापडांदे रे म्हाराजा.

आजीचा_नातू
व्हय म्हाराजा.

चाकरमानी_परळ
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण मुस्तफा हे खेळाचं नाव नाही. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. मुस्तफा चौघांपैकी एक. आणि मूळ खेळ तिघांनी एकदम खेळायचा आहे.

सुकट_बोंबील
परळकर, आमच्याकडे त्याला मुस्तफाच म्हणतात. तिसऱ्याने मागे उभं राहून सल्ले द्यायचे असतात.

तारकर्ली_टपरी
केलं. काळ्या दोन्ही एकत्र जोडल्या, टेकू घासला, जॉयस्टिक फिरवली. दोन नंबर लगेच जिवंत झाला, मुस्तफा सरळ चालतोय. सोल्डरिंग शेजारच्या मोबाईलवाल्याकडून आणलं. पण आता नवीनच. एक नंबरचा दांडा तिरका जात नाही. वर, खाली, डावं, उजवं जातो, कोपऱ्यात गेला की अडतो. जुनीला असं नव्हतं.

बंदरावरचो
खालची प्लेट बघ. चौकोनी भोकाची. तीच अडवता.

सोल्डरमास्तर
बरोबर. खालच्या प्लॅस्टिक प्लेटच्या मधलं चौकोनी भोक दांडा कुठवर जाऊ द्यायचं ते ठरवतं. काहींना ती तिरकी बसवलेली येते, चार दिशांसाठी. १९८० च्या पॅकमॅनला ते ठीक, त्यात तिरकं जायचंच नसतं. तुम्हाला आठ दिशा हव्यात. प्लेट काढून अष्टमांश फेरी, म्हणजे ४५ अंश, फिरवून परत बसवा. चौकोनाच्या बाजू फळीच्या कडांना समांतर हव्यात. दांड्याच्या टोकाचं लॉक मात्र सोडवू नका, वरची स्प्रिंग उडते आणि तुमच्याकडे खाली वाळू आहे.

तारकर्ली_टपरी
लॉकबद्दल उशिरा सांगितलंत. स्प्रिंग सापडली, तासाभराने. प्लेट फिरवली, तिरकं जातंय. दोन पोरं सकाळपासून बाकड्यावर बसून होती, ती लागली खेळायला. सगळ्यांचे आभार, बंदरावरच्यांचे जास्त. जुनी जॉयस्टिक ठेवलीय, तिरफळ म्हणतात तसं.

तिरफळ
तिच्या स्विचला डब्ल्यूडी मारून ठेवा.

सोल्डरमास्तर
मारू नका.

कुडाळ_इलेक्ट्रॉनिक्स
तरी एकदा १२ व्होल्ट बघून घ्या.

रेवदंड्याची_हवा
धागा वाचला, छान माहिती. माझ्याकडे पण असंच मशीन आहे, पण त्यात कॉईन टाकलं की क्रेडिट येत नाही. काय असेल?

सोल्डरमास्तर
नवीन धागा काढा. आणि आधी लिहा, काय काय उघडलंत आणि काय उरलं.